क्लासिक ३५० ची ८०५ मिमीची सीट आणि माझी १६३ सेंमी उंची: काही महिने वापरल्यानंतर

शोरूममध्ये रॉयल एनफील्डच्या या बाइकवर बसले तेव्हा दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. गाडी १९५ किलोची. घरात सगळ्यांचं एकच, ‘मीटिऑर घे, तिची सीट ७६५ आहे.’ मीटिऑर चालवून बघितली, पाय छान टेकले. पण तिच्यावर पाय पुढे राहतात, त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार देऊन अंग उचलता येत नाही. मला ते हवंच होतं, म्हणून पावसाळ्याआधी क्लासिक घेतली.

इंदूरमध्ये रोज रामबाग ते विजयनगर आणि सुट्टीत खंडवा रोडने ओंकारेश्वर, एवढं चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: कागदावरच्या उंचीइतकीच सीटची पुढची रुंदी बघा. मांड्या जितक्या फाकतात तितका पाय आखूड पडतो. बाबांच्या स्प्लेंडरची सीट ७८५, म्हणजे फरक फक्त २० मिमीचा. पण ती अरुंद असल्यामुळे तिच्यावर माझे तळवे सहज टेकतात.

सीटवाला म्हणाला, ‘मॅडम, एक इंच फोम काढून टाकू.’ मी नको म्हटलं. फोम पातळ झाला की तासाभरात खालचा पत्रा टोचतो, आणि सीट खाली आली तरी फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) जागेवरच राहतात, म्हणजे गुडघे जास्त दुमडतात. त्याऐवजी उंची तशीच ठेवून पुढच्या दोन्ही कडा तिरक्या कापून घेतल्या. आता चवड्यामागचा भागही टेकतो आणि ओंकारेश्वरला जाऊन आलं तरी कंबर कुरकुरत नाही. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, सहा पायऱ्या आहेत. एकटी असले की सगळ्यात मऊ ठेवते, गाडी अंगाखाली थोडी बसते. आई मागे असली की वाढवते. शॉकअप बदलून गाडीच खाली घ्यायचा सल्लाही मिळाला होता. त्यात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, कमी होतो आणि साइड स्टँड लांब पडून गाडी नको तितकी सरळ उभी राहते.

सिग्नलला दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. डावा खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. मात्र पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे अगदी कडेला थांबलं की डाव्या पायाला जमीन आणखी खाली लागते. मी कडेपासून जरा आत थांबते. भैरव घाटात चढावर ट्रकमागे अडकले तेव्हा डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर याच सवयीने निभावलं. पावसात जाड, पकड असलेल्या सोलचे बूट हवेतच. चपलांवर ही गाडी चालवू नका.

खरी कसोटी राजवाड्याच्या पार्किंगला. चवड्यांवर बसून एवढी गाडी मागे ढकलता येत नाही, उतरूनच ढकलावी लागते. म्हणून पुढचं चाक चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये लावते. निघताना क्लच दाबला की ती आपोआप मागे येते.

घ्यायच्या आधी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे वरपर्यंत सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. माझं ७४ सेंमी भरतं. तुमचं ७० च्या आत असेल तर आधी मीटिऑरच चालवून बघा, आणि ट्रायलला रोजचेच बूट घालून जा.