टिंट मीटर: फिल्मच्या आधी घ्यायची वस्तू

फ्लोरिडात घेतलेली सेडान घेऊन आम्ही न्यूयॉर्कला आलो आणि पहिल्याच इन्स्पेक्शनला गाडी नापास झाली. ब्रेक ठीक, दिवे ठीक, टायर ठीक, काळी फिल्म चिकटवलेल्या काचा नापास. तिथल्या माणसाने ड्रायव्हरच्या काचेला एक डबी चिकटवली आणि मला आकडा दाखवला: ३१. फ्लोरिडात पुढच्या दारांच्या काचेतून २८ टक्के उजेड आत आला की पुरतं, म्हणजे तिकडे आम्ही तीन मार्कांनी पास होतो. इथे ७० लागतात, आणि २०१७ पासून हे इन्स्पेक्शनमध्येच मोजतात.

चार दारांच्या फिल्म मी स्वतः काढल्या. हेअर ड्रायर, साबणाचं पाणी आणि दोन रविवार. फिल्म सोलून निघते, पण मागे राहणारा गोंद निघता निघत नाही. मागच्या मोठ्या काचेला हात लावला नाही: बाहेर दोन्ही बाजूंना आरसे असले तर तिला इथे आकड्याचं बंधन नाही, आणि खरवडताना काच गरम करणाऱ्या बारीक तारा उखडल्या असत्या. शेजाऱ्यांच्या एसयूव्हीची मागची दारं काळीकुट्ट आहेत आणि तरी पास! सेडानला मात्र मागच्या दारांनाही ७०. एकाच रस्त्यावरचं एकच ऊन, पण असो.

मग फिल्मवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "सेव्हन्टी टाका, लीगल आहे." खोक्यावरही ७० छापलेलं. एकदा हात पोळले होते, म्हणून काचेतून किती उजेड येतो ते मोजणारा टिंट मीटर आधी स्वतःच मागवला. हा रिव्ह्यू त्या मीटरचा.

दोन डब्या असतात. एकीत दिवा, दुसरीत उजेड मोजणारा डोळा. काचेच्या दोन्ही बाजूंना धरल्या की आतल्या चुंबकांनी समोरासमोर येऊन चिकटतात. मध्ये काहीच नसेल तर १००. काच अर्धी खाली करून वरून अडकवायचा एक स्वस्त प्रकारही मिळतो, पण न उघडणाऱ्या मागच्या काचेला तो अडकवणार कुठे?

पहिला शोध लागला तो गोंद साफ केल्यावर. नुसत्या, कोऱ्या काचेवर आकडा आला ७७. मला वाटायचं कोरी काच म्हणजे १००. पण कारखान्यातूनच काचेला हलकी हिरवट झाक असते. गाडी चालवताना ज्यातून बघावं लागतं त्या काचांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियमही ७० चाच आहे. म्हणजे आमच्या हातात शिल्लक फक्त सात टक्के.

फिल्मवाल्याकडून नमुन्याचे तुकडे आणले होते. ७० चा तुकडा नुसता धरला तर मीटर म्हणतो ७०. माणूस खोटं बोलत नव्हता. पाणी मारून तोच काचेवर चिकटवला: ५४. कारण टक्क्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. ७७ मधले ७० टक्के. पोलीस किंवा इन्स्पेक्टर खोका वाचत नाहीत, काच आणि फिल्म मिळून मोजतात. कॅलिफोर्नियाने निदान हे सरळ लिहिलंय: पुढच्या दारांची फिल्म स्वतः किमान ८८ ची हवी, आणि काचेसकट ७० भरायला हवेत. मिशिगनमध्ये तर पुढच्या दारांना वरच्या चार इंचांतच फिल्म चालते.

शेवटी जवळजवळ पारदर्शक, ९० ची फिल्म लावून पाहिली. ६९. काच पुसली, परत लावला. ६९. नवरा म्हणाला, "अगं, एका टक्क्याने काय होतंय?" ३१ चा आकडा मी पाहिला होता, त्याने नाही.

मीटरच्या तक्रारी: डब्या जोडणारी वायर इतकी आखूड की मागच्या काचेला वळसा घालताना दुसरा माणूस लागतो. मोजता मोजता स्वतःच बंद होतो, मग पुन्हा १०० वर आणा. काचेवर बोटांचे ठसे असले तरी आकडा घसरतो. आणि माहितीपत्रकात दोन टक्के इकडे-तिकडे होतील असं लिहिलंय, त्यामुळे ७१ आला तरी मी नाचले नसते. तरीही चार तारे. पाचवा त्या वायरीने खाल्ला.

फिल्म मुळात मला डाव्या हातासाठी हवी होती. समोरची काच दोन थरांची असते, ती त्वचा काळवंडवणारे किरण बहुतेक अडवते. दाराच्या काचेचा तसा भरवसा नाही. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून माझा डावा हात उजव्यापेक्षा एक छटा गडद झालाय. डोळ्यांचा किंवा त्वचेचा काही आजार असेल तर इथे सवलत मिळते, पण हात काळा पडणं हा आजार नव्हे.

पुढच्या दारांच्या काचा आता कोऱ्याच आहेत, ७७. ग्लोव्ह बॉक्समध्ये मीटरशेजारी पुण्याहून आणलेले स्कूटीवरचे लांब हातमोजे ठेवलेत. त्यातला डावाच वापरते.