मळ्यातली रेकॉर्ड ऐकायची संध्याकाळ : जॅझ आवडत असेल तर जाच

पणजीत मळा भागातल्या एका कॅफेत शनिवारी जुन्या रेकॉर्ड ऐकवतात, ३०० रुपये, चहा आणि बन त्यातच. या वेळी न्यू ऑर्लिन्स होतं, म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं जॅझचं माहेरघर. इथले काका नुसत्या रेकॉर्ड लावत नाहीत, वाजवणाऱ्यांनी काय सोसलं ते पण सांगतात, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

प्रसिद्ध काळा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याच शहरात १९०१ला जन्मला. १९४९ला मार्डी ग्रासमध्ये, म्हणजे तिथल्या कार्निव्हालात, त्याला काळ्या लोकांच्या झुलू मंडळाचा राजा करून मिरवलं, आपल्या कार्निव्हालात किंग मोमो असतो ना तसं. आणि १९५६ला लुईझियानाने कायदाच केला की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करायचा नाही. त्याच्या बँडमध्ये दोघंही होते, मग त्याने आपल्या गावात वाजवायचंच सोडलं, कायदा कोर्टात रद्द झाला तरी तो तिथे वाजवायला गेला नाही, गेला तो थेट १९६५ला. शिकागोत तर वादकांच्या युनियनच दोन, काळ्यांची वेगळी, १९०२ पासून १९६६ पर्यंत! हे सांगून काकांनी मखमलीच्या तुकड्याने पुसून रेकॉर्ड लावली आणि तोच हसरा ट्रम्पेट मला पहिल्यांदा रागावलेला वाटला.

मागून एकाने विचारलं, आपल्याकडे देवळांशी जोडलेल्या कलावंत घराण्यातल्या बायकांचं काय वेगळं होतं, गाणं सगळ्यांना हवं पण पंगतीला शेजारी कुणाला नको. काकांनी विषय टाळला नाही, रेकॉर्ड थांबवून बोलू दिलं. हे मला फार आवडलं, गोव्यात हे बोललं गेलंच पाहिजे.

तक्रार एकच. आपल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, ज्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, त्याचं नावसुद्धा निघालं नाही. शिकागोचा काळा पियानोवाला टेडी वेदरफर्ड १९२६ला अमेरिका सोडून आशियात आला, पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा, त्याच काळात गोव्याची पोरं मुंबईच्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोन घेऊन उभी होती. गोव्यात बसून हा भाग सोडून कसं चालेल? यावर एक अख्खा शनिवार ठेवा अशी विनंती करून आलेय.

बाकी स्पीकर चांगले, बन गरम, पातळ भाजी मागितली तर वेगळे पैसे. खुर्च्या कमी आहेत, आधी फोन करा आणि गाडी लांब लावून चालत या, आत गल्लीत जागा मिळत नाही.