अ‍ॅपल सॉससाठी पुरणयंत्र: स्टीलचं, तीन जाळ्यांचं

होळी झाली की पुरणयंत्र माळ्यावर जातं. हिमाचलची सफरचंदं बाजारात आली की ते खाली काढावं, कारण घरी अ‍ॅपल सॉस, म्हणजे शिजवून गाळलेला सफरचंदाचा गर, करायला याहून चांगलं साधन नाही. अमेरिकेत हा सॉस ज्या फूड मिलमधून गाळतात, तिची बनावट हीच: तळाला जाळी, तिच्यावर तिरकं पातं, वर दांडा. फ्रान्समध्ये जाँ मांतले यांनी १९३२ साली असं यंत्र बटाटे आणि भाज्या कुस्करायला काढलं. आपण त्यातून हरभऱ्याची डाळ काढतो.

मिक्सरमध्ये होतं काय, तर सॉसमध्ये हवा भरते, तो फिका आणि फेसाळ होतो. सालं आधीच काढावी लागतात, आणि एखादी बी राहून भरडली गेली की कडवटपणा उतरतो. पुरणयंत्राला सोलणं नको, बिया काढणंही नको. सालात आणि बियांभोवतीच्या कडक भागात पेक्टिन असतं. ते फोडींबरोबर शिजलं की सॉसला अंगचाच दाटपणा येतो.

एक किलो सफरचंदं घ्या. वरचं मेण निघावं म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवा. देठ आणि तळाचा सुकलेला भाग काढा, किडका भाग कापून टाका, एकेका फळाच्या आठ फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं शिजवा, मधे दोनदा तळापासून हलवा. उलथन्याने हलकेच दाबल्यावर फोड विरघळली पाहिजे. पाणी जास्त घालण्याची चूक सर्रास होते. मग सॉस आटवत बसावं लागतं आणि त्यात वास उडून जातो. कुकर तर लावूच नका: सफरचंद शिजताना फेसाळतं आणि सालाचा तुकडा शिट्टीच्या भोकात अडकू शकतो.

नुसत्या रॉयल डिलिशियसचा सॉस गोड होतो पण मिळमिळीत लागतो. निम्मं रॉयल आणि निम्मं हिरवं ग्रॅनी स्मिथ घेतलं तर चव उठते. शीतगृहात राहून भुसभुशीत झालेली, खायला कोणी हात लावत नाही अशी सफरचंदं इथे उत्तम चालतात. परदेशात राहणाऱ्यांनी मॅकिंटॉश घ्यावं. ते पंधरा मिनिटांत गळून जातं.

आता यंत्राकडे. दालचिनी काढून टाका आणि फोडी गरम असतानाच यंत्रात घाला, निम्म्यापेक्षा जास्त नको. जाळी मधली लावा. बारीक जाळी सालाने लगेच तुंबते आणि सॉस बाळाच्या पेजेसारखा गुळगुळीत होतो. मोठ्या जाळीतून सालाचे तुकडे खाली येतात. दांडा तीन-चार वेळा पुढे फिरवला की एकदा उलटा फिरवा. पात्याखाली चिकटलेलं साल तेवढ्याने उचललं जातं, त्याची सुरळी होऊन ते कडेला जातं आणि जाळी मोकळी होते. हे न करता नुसता जोर लावला तर पातं घसरतं आणि दांडा वाकतो. जाळीच्या खालच्या बाजूला दाट सॉस लोंबत राहतो, तो चमच्याने खरवडून घ्या; सर्वांत दाट तोच असतो. शेवटी जाळीवर सालं-बियांचा कोरडा चोथा उरला पाहिजे. तो ओला असेल तर अजून फिरवा. किलोमागे साधारण पाऊण लिटर सॉस निघतो. साखर घालायचीच तर आता, चाखून, दोन-तीन छोटे चमचे. चिमूटभर मीठ मात्र हवंच. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो.

विकत घेताना स्टीलचंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमला किंवा कल्हई नसलेल्या पितळेला फळाचं आंबट लागतं आणि सॉसला धातूची चव येते. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात असो वा कुठेही, यंत्र रिकामं फिरवून बघा आणि उजेडासमोर धरा. पातं जाळीला सगळीकडे घासलं पाहिजे. मधे फट दिसली तर फोडी नुसत्या गोल फिरतील, खाली काही उतरणार नाही. पातळ पत्र्याची जाळी दाबाखाली बसते आणि ही फट पुढे पडते, तेव्हा जाळी अंगठ्याने दाबूनही पाहा. पायांचे आकडे आपल्या पातेल्याच्या काठावर बसतात का, हे माप घरून घेऊन जा. स्प्रिंग ही याची कमकुवत बाजू: ती सैल पडली की पातं उचललं जातं. सुटी स्प्रिंग मिळते का, ते दुकानातच विचारा.

काम झालं की सगळे भाग सुटे करून लगेच पाण्यात टाका. सॉस जाळीत वाळला तर भोकं एकेक करून टोकरावी लागतात. अर्ध्या किलोपेक्षा कमी सफरचंदांसाठी एवढा पसारा मांडू नये, तेवढ्याला पुरणाची चाळण आणि वाटीचं बूड पुरतं.