'अमर्याद' डेटा योजना : आणीबाणीत अपुरी पडलेली सेवा

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणवा धुमसत असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाने व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीची जी 'अमर्याद' डेटा योजना वापरली, तिला मी सेवा म्हणून अनुत्तीर्णच ठरवतो. ठरावीक मर्यादा ओलांडताच इंटरनेटचा वेग मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर, किंवा त्याहूनही खाली, आणला गेला; मग या योजनेला अमर्याद म्हणायचे तरी कशाच्या आधारावर?

ही जोडणी कार्यालयातल्या साध्या यंत्रासाठी नव्हती. ती वापरणारे ओईएस ५२६२ हे वाहन म्हणजे दलाचे फिरते नियंत्रण केंद्र होते. कोणते बंब कुठे आहेत आणि कुठे पाठवायचे, हे त्यातूनच ठरत असे. तिथला वेग खुंटल्यावर जवानांना स्वतःचे फोन वापरून काम भागवावे लागले. सर्वांत अधिक खटकते ते हे, की तक्रार केल्यावरही वेग आधी पूर्ववत करण्याऐवजी महागडी योजना घेण्यास सांगण्यात आले. ग्राहकसेवेची चूक झाल्याचे कंपनीने नंतर मान्य केले, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने आणीबाणीत बचावपथकांच्या इंटरनेटचा वेग कमी करण्यास मनाई करणारा कायदा केला. आपत्कालीन दलासाठी जोडणी घेताना वेग कधी व किती घटेल, हे करारातच लिहून घ्यावे.