थेट जायचं की ओळखीनं?

जळगावात एका फॅमिली रेस्टॉरंटला दारावर गिऱ्हाईक बसवायला मुलगी हवीय. मुलाखतीला थेट जाऊ की शेजारच्या काकांच्या ओळखीनं, असं भाची विचारतेय.

ओळखीनं वेळ वाचतो, मालक लगेच भेटतो. थेट जायचं तर दुपारी तीन-चारला. जेवणाच्या गर्दीत कोणी ढुंकूनही बघत नाही. खरे प्रश्न मात्र थेट गेल्यावरच येतात: "सहा जण आलेत, चारचंच टेबल रिकामं. काय सांगशील?" "पंधरा मिनिटं लागतील, नाव लिहून घेते" चालतं. नुसतं "बघते" चालत नाही. अहिराणी येत असेल तर तिथंच बोलून दाखवावी, खेड्यावरचं गिऱ्हाईक खुलतं. पगार, सुट्टी? ओळखीत तोंडच उघडत नाही.

घरच्यांना रात्रीच्या पाळीची धास्ती असेल तर ओळख बरी. पगार ठरवून घ्यायचाय, तर थेट जा.