2 टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह, सात महिन्यांनंतर: ड्राइव्ह चांगली, वायर मात्र दोन वीतच

जुलैमध्ये मी या ड्राइव्हला एक स्टार देऊन रागाने चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या तीन मागे घेतो. वायरीबद्दलची ओळ तशीच राहणार.

आमचा डेस्कटॉप 2010 चा. विंडोज 7, कोअर टू ड्युओ, 4 जीबी रॅम. हा अजून का ठेवलाय, असं घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. तो ठेवलाय त्यातल्या फायरवायर कार्डासाठी, म्हणजे जुना टेपवाला कॅमेरा ज्याला जोडता येतो त्या कार्डासाठी. इथे गोव्यात माशेलला जत्रेत होणारी वाड्यावरची मराठी नाटकं बाबांनी मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ) टेपांवर घेतली होती, ती मी याच कार्डावरून उतरवली. तासाच्या टेपचे 13 जीबी होतात, 26 टेपांचे साधारण 340. आता बऱ्याचशा टेपांना बुरशी आलीय आणि कॅमेऱ्याचं हेडही गेलंय. म्हणजे डिस्कवर आहे तेवढंच उरलंय.

शिगम्याच्या आधी ड्राइव्ह घेतली ती यासाठीच. पहिले चार महिने काही तक्रार नव्हती. यूएसबी 2 वर सेकंदाला 30 एमबीच्या आसपास, सव्वातीन तासांत सगळं उतरायचं. पाऊस लागला आणि जूनमध्ये बॅकअप अर्ध्यावर पडायला लागला. ड्राइव्हमधून टक, टक असा आवाज, मग ती स्क्रीनवरून गायब.

आता वायर. बरोबर येते ती जेमतेम दोन वीत. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला. मागच्या पोर्टला लावली तर ड्राइव्ह हवेत लोंबकळते आणि तिचा सगळा भार त्या चपट्या पिनेवर येतो. म्हणून मी पुढच्या पोर्टला लावत होतो. पुढचे पोर्ट मदरबोर्डाला आतून बारीक तारांनी जोडलेले असतात, जुन्या कॅबिनेटात त्या तारा आणि पिना झिजतात. यूएसबी 2 पोर्टने मुळात 500 मिलिअँपिअरच द्यायचा असतो. तबकडी फिरवायला तेवढा जेमतेम पुरतो, वाटेत थोडा व्होल्टेज पडला की ड्राइव्ह बसते. मी फोंड्याला जाऊन 180 रुपयांची दीड मीटरची वायर आणली, तर आणखी वाईट! लांब आणि पातळ वायर, व्होल्टेज आणखी पडतो. एवढ्या पैशांच्या वस्तूबरोबर थोडी लांब आणि जाड वायर द्यायला कंपनीला काय जड जातं, मला अजून समजलेलं नाही.

तोवर ड्राइव्हच खराब आहे अशी माझी खात्री झाली होती. पणजीच्या सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या वेळी ड्राइव्ह हातात ठेवून मुलगा म्हणाला, "काका, टेस्ट ओके आहे, फॉरमॅट करून दिलीय." न विचारता! त्यात मे महिन्याचा पूर्ण, चांगला बॅकअप होता. मी काउंटरवर बराच वेळ भांडलो. ड्राइव्ह ओके होती हे त्याचं म्हणणं खरं निघालं, पण गिऱ्हाइकाला न विचारता फॉरमॅट करणं मला अजिबात मान्य नाही.

घरी आल्यावर टेबल फूटभर पुढे ओढलं, मागे आईचा जुना पाट ठेवला, त्यावर ड्राइव्ह, आणि तीच दोन वितीची वायर मागच्या पोर्टला. टकटक थांबली ती कायमची. बॅकअप मात्र तरीही पडतच राहिला. मग मी स्क्रीनवरचा एररचा निरोप नीट वाचला. आधी 'डिव्हाइस सापडत नाही' यायचं, आता येत होतं 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक', म्हणजे डिस्कवरचा डेटा नीट वाचता येत नाही. महिनाभर मी दोन्ही एकाच दुखण्यात धरत होतो.

रोबोकॉपी (विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड) लावून झोपलो. सकाळी पाहिलं तर रात्रभर 17 नंबरच्या टेपवरच अडकलेलं. नुसतं चालवलं की ते न वाचलेली फाइल दहा लाख वेळा वाचून बघतं, प्रत्येक वेळी 30 सेकंद थांबून. 'आर' (किती वेळा) आणि 'डब्ल्यू' (किती सेकंद थांबून) दोन्ही 1 वर आणले, तेव्हा बाकीच्या 25 टेपा सरळ उतरल्या. नड एकाच फाइलची, आणि ती डेस्कटॉपच्या आतल्या डिस्कवर. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं: आतली डिस्क पिवळी, म्हणजे धोक्याची, 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचायला अडणारे डिस्कचे तुकडे) 24. ज्या ड्राइव्हवर मी आरोप करत होतो तिचे सगळे आकडे स्वच्छ.

बॅकअप सारखा पडत असेल तर ज्यावर घेताय त्याच्याआधी ज्याचा घेताय ती डिस्क तपासा, एवढ्यासाठी मी हे सगळं लिहितोय. अशा वेळी कुणी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवायला सांगितलं तर आधी डेटा बाहेर काढा, मग चालवा. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढी दगदग सोसत नाही. मी नवी साडेतीन इंची डिस्क आणली, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने सगळी डिस्क नवीवर उतरवली. ते आधी चांगला भाग उचलतं, रुसलेल्या जागी शेवटी परत जातं. शेवटी 16 सेक्टर आलेच नाहीत. म्हणजे 8 केबी.

आता चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली, दर रविवारी बॅकअप पूर्ण होतोय. पाच स्टारची ड्राइव्ह आहे. वायरीसाठी दोन कापतो, वायर बदलली तर देईन.

17 नंबरची टेप मी बसून पूर्ण पाहिली. डीव्हीची एक फ्रेम 1,44,000 बाइटची, सेकंदाला अशा 25; म्हणजे गेलेले 8 केबी एका फ्रेमचाही छोटासा तुकडा. बाविसाव्या मिनिटाला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन उमटतात आणि जातात. नेमके त्याच वेळी बाबा कॅमेऱ्यामागून कुणाला तरी हळूच सांगताहेत, "मुखार बस रे," म्हणजे पुढे बस रे. आवाज कुठेही तुटलेला नाही.