थेट, स्टार-डेल्टा की ड्राइव्ह? थ्री-फेज मोटर सुरू करण्याचे पर्याय

मोटर घेताना हॉर्सपॉवर आणि आरपीएम सगळे बघतात. ती सुरू कशी करायची हे मात्र पॅनेल बनवणाऱ्यावर सोडले जाते आणि जरा मोठी मोटर दिसली की तो सवयीने स्टार-डेल्टा बसवतो. मला हे पटत नाही. स्टार्टर ठरवताना मोटरच्या आकाराआधी तिच्यावरचा लोड बघायला हवा.

तीन फेजची वाइंडिंग (तारेची वेटोळी) स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, परिघावर सारख्या अंतराने बसवलेली असतात आणि त्यांतले करंट एकमेकांच्या १२० अंश मागेपुढे असतात. त्यामुळे स्टेटरमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरमध्ये ते मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, सळ्यांना बाहेरून वीज मिळत नाही. हे क्षेत्र त्यांना छेदून जाते तेव्हा त्यांच्यात करंट निर्माण होतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे ओढला जातो. तो क्षेत्राला कधीच गाठत नाही, पूर्ण लोडवर साधारण १४४० च्या आसपास राहतो. हा फरक म्हणजे स्लिप.

स्विच दाबला त्या क्षणी रोटर उभा असतो, स्लिप शंभर टक्के असते. म्हणून मोटर पूर्ण लोडच्या सुमारे सहा ते आठ पट करंट ओढते. हा झटका कसा आवरायचा, एवढाच फरक या पर्यायांत आहे.

डीओएल, म्हणजे थेट जोडणी: एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच), एक ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेल्यास मोटर बंद करणारा). पूर्ण व्होल्टेज, म्हणून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. चांगली मोटर काही सेकंदांचा हा करंट सहज सोसते. त्रास होतो तो त्याच लाइनवरच्या इतर उपकरणांना आणि बेल्ट-कपलिंगला. सप्लाय दमदार असेल, वीज कंपनीच्या नियमात बसत असेल आणि मोटर तासाला अनेकदा चालू-बंद होणार नसेल, तर याहून भरवशाचे काही नाही. बिघडण्यासारखे सुटे भागच कमी.

स्टार-डेल्टामध्ये वाइंडिंग आधी ‘स्टार’ पद्धतीने जोडलेली असतात आणि टायमर ती थोड्या वेळाने ‘डेल्टा’ जोडणीत नेतो. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला लाइनच्या ५८ टक्के व्होल्टेज मिळते, डेल्टात पूर्ण. लाइनमधला करंट एक-तृतीयांश होतो, पण टॉर्कही तेवढाच उरतो, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. विकताना पहिली गोष्ट सांगतात, दुसरी राहून जाते. लेथ, रिकामा सुरू होणारा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू केलेला सेंट्रिफ्युगल पंप यांना एवढा जोर पुरतो. माल भरलेला कन्व्हेयर किंवा क्रशर मात्र स्टारमध्ये वेग घेतच नाही. टायमर संपतो, मोटर अर्ध्या वेगावर असतानाच डेल्टात जाते आणि जो झटका टाळायचा होता तो बसतोच. शिवाय वाइंडिंगची सहाही टोके टर्मिनल बॉक्समध्ये हवीत आणि मोटर तुमच्या लाइन व्होल्टेजला डेल्टात चालणारी हवी. ४०० व्होल्टच्या लाइनवर नेमप्लेट ‘२३०/४००’ (डेल्टात २३०, स्टारमध्ये ४००) असेल तर स्टार-डेल्टाचा विचार सोडा. डेल्टात ती वाइंडिंग जळतील.

फक्त झटका मऊ करायचा असेल, विशेषतः पंप बंद होताना पाइपात बसणारा पाण्याचा दणका, तर व्होल्टेज हळूहळू चढवणारा-उतरवणारा सॉफ्ट स्टार्टर पुरतो. तोही व्होल्टेजच कमी करतो, त्यामुळे टॉर्कची मर्यादा त्यालाही आहे.

व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह), म्हणजे शीर्षकातला ड्राइव्ह, वेगळ्याच जातीचा. तो एसीची डीसी करून हव्या त्या फ्रीक्वेन्सीची एसी पुन्हा घडवतो, म्हणजे फिरत्या क्षेत्राचा वेगच आपल्या हातात येतो. स्लिप कमी राहते, म्हणून करंट आटोक्यात ठेवूनही भरपूर टॉर्क मिळतो. पंखे आणि सेंट्रिफ्युगल पंपांत तर तो स्वतःची किंमत भरून काढू शकतो: पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे ८० टक्के वेगाला जवळपास निम्मी लागते. उंचीवर पाणी चढवणाऱ्या पंपात बचत यापेक्षा कमी होते. मोटर कायम पूर्ण वेगानेच चालणार असेल तर ही बचत नाहीच, उलट ड्राइव्हमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते.

ड्राइव्ह घ्यायचे ठरले तर दोन गोष्टी आधी विचारा. मोटर बराच वेळ मंद वेगात पूर्ण लोडवर चालणार का? तसे असेल तर शाफ्टवरचा पंखा पुरेशी हवा देत नाही, वेगळा पंखा लावावा लागतो. आणि ड्राइव्हपासून मोटरपर्यंत केबल किती लांब? लांब केबलवर मोटरच्या टर्मिनलशी व्होल्टेजचे उंच टोक उठतात. जुन्या वाइंडिंगचे इन्सुलेशन त्यांत टिकेलच असे नाही, तिथे फिल्टर किंवा ड्राइव्हसाठी बनवलेली मोटर घ्या.